निळ्या कार्डाचं कपाट

उमरीच्या वाचनालयात मी एकतीस वर्षं नोकरी केली आणि एकही पुस्तक हरवू दिलं नाही. पूर्वी हे मी छाती फुगवून सांगत असे. पुस्तक हरवत नाही त्याचं एक कारण असंही असू शकतं, की ते कपाटातून बाहेरच पडत नाही. हे कळायला मला चांगुणाबाई भेटावी लागली. खरं सांगायचं तर ती भेटली तेव्हाही कळलं नाही. दहा वर्षांनी कळलं.

तिला एक जाड पुस्तक वाचायचं होतं, डोळे शाबूत आहेत तोवर. मी दिलं नाही. गोष्ट एवढीच आहे. पण का दिलं नाही हे सांगायचं तर आधी माझ्या कपाटांबद्दल सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिथंच आहे.

त्या काळी वाचक पुस्तकाला हात लावत नसत. मध्ये लाकडी खिडकी. अलीकडं वाचक, पलीकडं मी आणि माझी कपाटं. वाचकानं काय पाहिजे ते सांगायचं, मी आतून आणून द्यायचं. निम्म्या लोकांना काय पाहिजे ते सांगताच येत नसे. 'द्या काहीतरी चांगलं,' म्हणायचे. मग मी त्यांच्या तोंडाकडं बघायचो आणि पुस्तक काढून द्यायचो. माणसाचं तोंड बघून पुस्तक काढणारा म्हणून उमरीत माझी ख्याती होती, आणि ती पसरवण्यात माझाच हात मोठा होता.

पुढं मी त्याची पद्धतच बसवली. पुस्तकांची पाच कपाटं केली आणि वाचकांची पाच रंगांची कार्डं. पोरासोरांना हिरवं कार्ड: राक्षसाच्या गोष्टी, प्राण्यांच्या गोष्टी, कोडी, घरच्या घरी करायचे विज्ञानाचे प्रयोग. बायकांना गुलाबी: पाककृती, भरतकाम, व्रतांच्या कहाण्या आणि रडू आणणाऱ्या पातळ कादंबऱ्या. म्हाताऱ्यांना पिवळं: पोथ्या, संतचरित्रं, घरगुती औषधं. बाप्यांना पांढरं: इतिहास, शिकार, प्रवास, राजकारण, गुप्तहेर आणि काचेच्या दाराच्या कपाटातल्या जाडजूड कादंबऱ्या. आणि जे नुकते लिहा-वाचायला शिकलेत त्यांना निळं कार्ड. निळ्याच्या कपाटात सोळा किंवा वीस पानांची, ठळक अक्षरांची पुस्तकं होती. शेळीपालन, नारू कसा होतो, बाळाला टोचून घ्या, खताचा खड्डा. ज्या रंगाचं कार्ड त्याच कपाटातलं पुस्तक, हा माझा नियम. कमिटीनं असा काही ठराव केलेला नव्हता. कमिटीला चहाच्या पलीकडं कशात रस नसे.

एकदा औरंगाबादहून तपासनीस आले. त्यांनी कपाटं पाहिली, कार्डं पाहिली आणि शेरा लिहिला की प्रत्येक वयाची आणि प्रत्येक आवडीची इतकी नीट सोय त्यांनी मराठवाड्यात दुसरीकडं पाहिली नाही. तो शेरा मी काचेत घालून भिंतीवर लावला. त्यानंतर मला कोण काय बोलणार?

आता मी नियमाचा किती पक्का होतो तेही सांगतो, म्हणजे माझी लायकी कळेल. कापसाच्या जिनिंगवाले किशनराव साठीचे, कार्ड पिवळं. ते दर गुरुवारी येत, इकडंतिकडं बघत आणि हळूच म्हणत, "भुजंगराव, नातवासाठी एखादं जादूगाराचं द्या." त्यांना नातू नव्हता. पोराचं लग्नच व्हायचं होतं. मी काही न बोलता हिरव्याच्या कपाटातलं चांगलं चित्रांचं पुस्तक काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून देत असे. किशनराव मोठे माणूस. त्यांच्या आवडीला रंग नव्हता.

बहात्तर साल उजाडलं ते कोरडंच. सलग दुसऱ्या वर्षी पाण्यानं दगा दिला. ज्यांच्या घरी कणग्या भरलेल्या असायच्या ते रेशनची लाल मिलो ज्वारी दळून आणायला लागले. शेतात काम नाही म्हणून वाचनालयात गर्दी वाढली. दिवसभर बाप्ये येऊन बसायचे, एकेक वर्तमानपत्र चौघांत वाटून घ्यायचे आणि सरकारनं कुठं दुष्काळी काम काढलं ते बघायचे. भोकरच्या रस्त्यावर खडी फोडायचं काम निघालं. बाया डोक्याला फडकं बांधून, तापलेल्या दगडांच्या ढिगाशी बसून हातोड्या मारायच्या. दुपारी सुकडी वाटायचे ती अर्धी खायच्या, अर्धी पदरात बांधून पोरांसाठी न्यायच्या.

चांगुणाबाई त्या कामावरची. बाजाराच्या दिवशी खिडकीशी आली, अंगावर खडीची पांढरी धूळ. तिशी-पस्तिशीची असेल. बौद्ध वस्तीतली. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्यांच्या वस्तीत मोठ्या माणसांसाठी संध्याकाळची शाळा सुरू झाली होती, तिथं ती वाचायला शिकली होती. हे तिनं सांगितलं आणि मी खूश होऊन लगेच निळं कार्ड लिहायला घेतलं. जात-पात न बघता कार्ड दिलं, असं मला तेव्हा फार वाटलं. ती शाळा सोळा वर्षांपूर्वीची आहे आणि सोळा वर्षांत बाई काय काय वाचत आली असेल, हा हिशेब काही माझ्या डोक्यात आला नाही. तोंड बघून पुस्तक काढणारा मी. धूळ बघितली आणि शेळीपालन काढलं.

पुढच्या बाजाराला ती ते परत घेऊन आली. "मास्तर, मोठं काय हाय का?"

"का? समजलं न्हाई का?"

"समजलं. पर तुमचं पुस्तक पेठेतून घरी जाईस्तोवर सरतंय."

मी हसलो आणि म्हणालो, "मग दोन न्या." आणि खरोखरच दोन दिली. नारू आणि खताचा खड्डा. नियमात एकच होतं. मला वाटलं आपण किती मोकळ्या मनाचे.

दोनाची तीन झाली, पण ती काही मोठी झाली नाहीत. दोन महिन्यांत निळ्याचं कपाट संपलं. मग मी पहिल्यापासून सुरू केलं. शेळीपालन दुसऱ्यांदा दिलं तेव्हा ती माझ्या मागच्या काचेच्या कपाटाकडं बघत राहिली. तिथं लाल पुठ्ठ्याची एक साडेसहाशे पानांची कादंबरी होती. दाखल नंबर चारशे बारा. आम्ही पुस्तकं नंबरानंच ओळखतो.

"ते लाल दिसतंय ते काय हाय?"

"ती कादंबरी हाय. बाप्यांच्या कार्डावरची. लई अवघड."

"बरं," ती म्हणाली आणि शेळ्या घेऊन गेली.

त्र्याहत्तरच्या मार्चात दोन बाजार ती आलीच नाही. तिसऱ्याला आली तेव्हा उजव्या डोळ्यावर पट्टी होती. दगडाची कपची उडून डोळ्यात गेली होती. नांदेडच्या दवाखान्यात नेलं, पण तो डोळा गेला. हे सगळं तिनं, कुणी घराची भिंत पडल्याचं सांगावं तसं सांगितलं. मग खिडकीवर हात ठेवून म्हणाली, "डागदर म्हनला, दुसऱ्याचाबी भरवसा न्हाई. एक डोळा असा गेला तर कदी कदी दुसराबी त्याच्या मागं जातो म्हने. म्हून म्हनलं, हाय तवर ते लाल तेवढं वाचून घ्यावं. द्या मला, मास्तर. खराब न्हाई करनार."

मला तिची दया आली आणि त्या दयेपायीच मी जे केलं ते केलं. मी लाल पुस्तक काढून चाळलं. अक्षर बारीक, ओळी दाटीवाटीच्या. म्हटलं, एका डोळ्यावर हिनं हे वाचलं तर उरलेलाही जाईल आणि पाप आपल्या माथी. पुस्तक परत आत ठेवून कुलूप लावलं. मग हिरव्याच्या कपाटातून, म्हणजे तिच्यासाठी नियम मोडून, पोरांचं एक पुस्तक आणलं. मोठं अक्षर, पानभर चित्रं, कोल्ह्याची गोष्ट. "हे वाचा, बाई. डोळ्याला तान न्हाई पडनार."

तिनं पुस्तक हातात घेतलं. उघडलं नाही. चित्रावर एकदा हात फिरवला आणि माझ्यासमोर खिडकीवर ठेवलं. मग कमरेच्या पिशवीतून निळं कार्ड काढलं आणि ते पुस्तकावर ठेवलं. "राहू द्या," एवढंच म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर मी जागा झालो असतो.

घरी येऊन मी बायकोला, उमाबाईला, सगळं सांगितलं. एक डोळा गेला तरी वाचायची हौस बघ, आणि मी तिच्या डोळ्याची कशी काळजी घेतली तेही. उमाबाई मिलोच्या भाकरी थापत होती. ती भाकर काही केल्या अखंड राहत नसे, त्यामुळं ती आधीच वैतागलेली. तिनं विचारलं, "तिनं काय मागितलं होतं?"

"ते लाल."

"मग?"

मी म्हणालो, तुला वाचनालयातलं काय कळतं. ती पुढची भाकर थापायला लागली. तिचंही कार्ड गुलाबी होतं आणि वीस वर्षं मी तिला लोणच्यांची पुस्तकं आणून देत होतो.

चांगुणाबाई पुन्हा आली नाही. मी एकदोनदा खडीच्या कामावरच्या बायांना विचारलं. त्या म्हणाल्या, नांदेडला भावाकडं गेली. मग पाऊस झाला, खडीचं काम बंद पडलं, लोक शेताला लागले आणि मीही विसरलो. विसरायला मला काही फार दिवस लागले नाहीत.

ब्याऐंशी साली उस्मानाबादेतून फोडून लातूर जिल्हा झाला. नवा जिल्हा म्हटल्यावर सगळंच नवं पाहिजे. नवी कचेरी, नव्या पाट्या, आणि तिथल्या काही हौशी मंडळींनी ठरवलं की एक नवं मोठं वाचनालयही. माझ्या पाच कपाटांची कीर्ती त्यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे, पण पत्र आलं: पहिल्या खेपेची चार हजार पुस्तकं तुम्ही निवडून द्या, सर्व वयांना, सर्व आवडींना पुरतील अशी. मी यष्टीनं लोहा-अहमदपूर करत लातूरला उतरलो तेव्हा अंगात नवरदेवाचा रुबाब होता. त्याही वर्षी पाऊस ओढ देऊनच होता, पण माझं लक्ष कुठं होतं.

एका डाळ मिलच्या वरची खोली कार्यालय म्हणून दिली होती. खाली गिरणी चालू, वर सगळ्या कागदांवर तुरीची पिवळी भुकटी. यादी टाइप करायला नव्या कचेरीतली एक कारकून मुलगी दोन दिवसांसाठी मागून घेतली होती. बावीस-तेवीसची, सावळी, बोटं झरझर चालणारी. नाव शेवंता. मी सांगायचो, ती टाइप करायची. बालविभाग, महिला विभाग, ज्येष्ठांचा विभाग, प्रौढ पुरुष विभाग. सांगता सांगता मी रंगांचा नियमही सांगितला आणि औरंगाबादच्या तपासनिसाचा शेराही ऐकवला.

नवसाक्षर विभाग आला. शेळीपालन, नारू, खताचा खड्डा. तिची बोटं थांबली.

"सर, एक विचारू? या कपाटातलं सगळं वाचून झाल्यावर मानसानं कुठं जायचं?"

"कुठं म्हणजे?"

"निळ्या कार्डावर बाकीची कपाटं बंद हायेत न. मग हे संपलं की काय करायचं?"

इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "पुन्हा पहिल्यापासून वाचायचं."

"हाव. माझी आई तसंच वाचायची," ती म्हणाली. "शेळीला रोज किती चारा लागतो ते तिला अजून पाठ हाय. आमच्याकडं शेळी कधीच नव्हती." मग तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही उमरीचे भुजंग मास्तर. मी आल्या आल्याच ओळखलं. बोलावं का न्हाई ते कळत नव्हतं."

ती हळू आवाजात, माझा अपमान होणार नाही अशा बेतानं सांगत होती. आई इथंच हाय, माझ्याजवळ. दुसरा डोळाही गेला. आता तिला उजेड आहे का अंधार, एवढंच कळतं. मामानं मला नांदेडला शिकवलं, टायपिंग शिकले, नवा जिल्हा झाला म्हणून भरती निघाली आणि लागले.

"ती माझ्याबद्दल काय म्हणते?" मी विचारलं.

"काही न्हाई म्हनत. एकदाच म्हनाली होती, मास्तर वाईट न्हाई, त्यांना वाटलं मला झेपनार न्हाई."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

मी यादीचा कागद मागून घेतला आणि रंगांच्या नियमाची ओळ खोडली. तिला सांगितलं, टाइप कर: कोणत्याही वाचकास कोणतेही पुस्तक मिळेल. खोडायला आणि सांगायला मिळून मिनिटभर लागलं. इतकं सोपं काम मी एवढी वर्षं केलं नव्हतं, याची मला भयंकर लाज वाटली.

नमुन्यादाखल आलेल्या पुस्तकांत तिनं मागितलेलं ते पुस्तक होतंच. नवी आवृत्ती, पुठ्ठा आता हिरवा, पण तेच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते काखेत मारून मी शेवंताबरोबर तिच्या घरी गेलो. मी मनाशी ठरवलं होतं. लातुरात मी अजून आठ दिवस होतो. रोज संध्याकाळी जाऊन वाचून दाखवायचं. मुक्काम वाढवायला लागला तर वाढवायचा. झाल्या चुकीची भरपाई करता येते, असं मला वाटत होतं. वाटेत मी थोडा खूशही झालो होतो. लपवून काय उपयोग.

दोन खोल्यांचं घर. चांगुणाबाई दाराजवळ चटईवर बसून तूर निवडत होती. बोटांनी खडे बरोबर बाजूला काढत होती. केस पांढरे झाले होते. शेवंतानं नाव सांगायच्या आधीच मी "नमस्कार" म्हणालो आणि तिनं मान वर केली.

"उमरीचे मास्तर. बसा की."

मी बसलो. दहा वर्षांत जे सुचलं नव्हतं ते आताही सुचेना. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं. म्हणालो, "तुम्ही मागितलं होतं ते आणलंय."

तिनं सूप बाजूला केलं. हात पदराला पुसले आणि पुस्तकावरून फिरवले, कडांवरून, पाठीवरून. पानं अंगठ्यानं सोडत नेली. "लई जाड हाय," ती म्हणाली.

"मी वाचून दाखवतो. आठ दिवस हाय मी हितं. रोज येत जाईन."

"कशाला तरास? शेवंतानं कवाच वाचून दाखवलं. नांदेडला कॉलेजात व्हती तवा आनलं व्हतं. दोनदा वाचलं. गोष्ट ठाव हाय मला." ती जरा थांबली. "चांगली हाय गोष्ट."

"मग झालं तर," मी म्हणालो. मला सुटल्यासारखं वाटलं.

"ऐकायला मानसं हायेत, मास्तर. ही हाय, शेजारची पोरं हायेत. त्याचं काय न्हाई." तिचा हात अजून पुस्तकावरच होता. "मला वाचायचं व्हतं."

आत शेवंता स्टो पेटवत होती. मी विचारलं, "त्यानंतर किती दिवस दिसत होतं?"

"जाऊ द्या आता."

"सात महिने," शेवंता आतून म्हणाली. "दिवाळीपर्यंत दिसत होतं तिला."

चहा आला. मी प्यालो. चांगुणाबाईनं माझ्या पोराबाळांचं विचारलं, उमरीत यंदा हिरीला पाणी किती आहे ते विचारलं. निघताना पुस्तक माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली, "हितं ठेवून धूळच खाईल. लायब्रीत ठेवा, कुनी मागितलं तर द्या."

लातूरचं काम उरकून मी उमरीला आलो. दुसऱ्या दिवशी वाचनालय उघडल्यावर झाडलोट व्हायच्या आत माळ्यावरून त्र्याहत्तर सालची देवघेवीची वही काढली. मला एवढंच बघायचं होतं की त्या सात महिन्यांत ते पुस्तक दुसऱ्या कुणाकडं तरी गेलेलं होतं. कुणी एकानं जरी नेलेलं असतं तरी मला आधार झाला असता, की पुस्तक जाग्यावर नव्हतं, द्यायचं म्हटलं असतं तरी देता आलं नसतं. मार्चपासून दिवाळीपर्यंत एकेक पान बोट ठेवून बघितलं. जादूगाराची पुस्तकं दर गुरुवारी गेलेली होती. चारशे बारा नंबर कुणीही नेलेला नव्हता. सात महिने ते पुस्तक कपाटातच होतं.